वाऱ्याची नोंद

त्या सकाळी झाडाचं पानही हलत नव्हतं. मित्राच्या अपघातानंतर वैमानिकाचं हे पहिलंच चाचणी-उड्डाण. आवळलेला पट्टा त्याने सोडून पुन्हा आवळला, मग आणखी एकदा.

"झालं का, ताई?"

चाचणी-इंजिनिअर ताई मागे दिशा-स्थान दाखवणाऱ्या इनर्शियल यंत्रासमोर बसल्या होत्या. आपण नेमके कुठे उभे आहोत हे त्या यंत्राला उमगेपर्यंत विमान तसूभरही हलवायचं नाही, हा त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"थांब जरा. अजून ठिकाणावर यायचंय ते."

त्याने तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर मिळालं. चौथ्यांदा विचारायचं तो विसरूनच गेला. दोघांच्याही हेडफोनमध्ये आता त्याचा श्वास संथ ऐकू येत होता.

"हं, चल आता," ताई म्हणाल्या.

उड्डाण छान झालं. उतरल्यावर सही करताना त्याने नोंदपत्रक वाचलं. यंत्र तयार झालं, नऊ वाजून सात मिनिटांनी. विमान हललं, नऊ वाजून एकोणीस मिनिटांनी.

उशिराच्या कारणापुढे ताईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वारा फार होता.'