अंदाजे प्रेक्षक : पाचशे

"पाचशे?" खिडकीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला. "बाहुल्यांच्या खेळाला?"

अर्ज बाहुलीवालीने आणला होता, पण आकडा नवऱ्याच्या हातचा होता. टपोरा, छाती काढून उभा.

आणि खरं सांगायचं तर तिच्याच पापाचं ते फळ होतं. चौकातल्या खेळात नवरा पडद्यामागे बसून दोऱ्या हलवायचा, ती पडद्यापुढे घंटा वाजवून लोकांना बोलवायची. खेळ संपला की घामेजलेलं तोंड बाहेर काढून तो विचारायचा, "किती गं आले?" एकदा भर हंगामात तो म्हणाला होता, ज्या दिवशी पाच माणसंही नसतील त्या दिवशी दोऱ्या कापून बाहुल्या ट्रंकेत टाकीन. त्या दिवशी चारच होती. ती म्हणाली, चाळीस. मग त्या खोट्याला पाय फुटले. चाळिसाचे शंभर झाले, शंभराचे तीनशे, आणि गेल्या हंगामात पाचशे. खरे प्रेक्षक मात्र वर्षानुवर्षं तेच : एक फुगेवाला, दोन निवृत्त मास्तर, आणि बाकावर झोपलेले एक गृहस्थ, ज्यांना कुणी उठवलं असतं तर तेही गेले असते.

यंदा नगरपालिकेने नवा नियम काढला. चौकात खेळ करायचा तर परवानगी घ्या.

कारकून तसा भला माणूस होता. त्याने आवाज खाली आणला. पंचवीसच्या आत माणसं असतील तर परवानगी लागतच नाही, म्हणाला. आकडा खोडा आणि सुखाने घरी जा. पाचशे म्हटलं की लचांड मागे लागतं. मग त्याने यादी वाचली. चार पोलीस. बंबासकट अग्निशमनचे सहा. रुग्णवाहिका, तिच्यात डॉक्टर, नर्स आणि चालक. पाण्याच्या टँकरवर दोघे, झाडूवाले पाच, वायरमन दोन, आणि गर्दी मोजायला एक निरीक्षक. खेळ फुकटचा, म्हणून फी माफ. पण माणसं पाठवावीच लागतात, आणि खेळ संपेपर्यंत त्यांनी जागा सोडायची नाही.

बाहुलीवालीने पेन उचललं.

"खाडाखोडीवर अर्जदाराची सही लागेल हं काकू," कारकून म्हणाला.

अर्जदार घरी बसून राजाच्या मिशा चिकटवत होता. पाचशेचे चार कसे झाले, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? तिने पेन खाली ठेवलं. "राहू दे. पाचशेच." शिक्का असा बसला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

घरी आल्यावर तिने कोऱ्या अर्जासोबत मिळालेलं नियमांचं पत्रक शोधलं. नवऱ्याने ते कापून, बाहेरून सोनेरी रंग फासून, राजाचा मुकुट केला होता.

"अहो, नियम वाचायचे असतात. राजाच्या डोक्यावर घालायचे नसतात."

"तिथंच शोभतात," तो म्हणाला आणि मिशीला पीळ देत राहिला.

रविवारी पाच वाजता बंब आला. मागून रुग्णवाहिका, टँकर, पोलिसांची गाडी. चौक गाड्यांनी भरला आणि माणसांनी रिकामाच राहिला. बाहुलीवालीने मनगट दुखेपर्यंत घंटा वाजवली. फुगेवाला आला. मास्तर आले. बाकावरचे गृहस्थ आधीच झोपले होते. निरीक्षकाने वही उघडली, मान उंचावून गर्दी शोधली आणि वही मिटली. आता चौकाचा रिकामेपणा पडद्यामागेही कळणार, तिला वाटलं.

पण जागा सोडायची कुणाला मुभा नव्हती. बंबवाले बंबाच्या पायरीवर टेकले. झाडूवाल्या बायकांनी खराटे आडवे टाकून त्यांवर बैठक मारली. डॉक्टरांनी स्ट्रेचर बाहेर काढलं आणि नर्सला अर्धं दिलं. पडदा सरकला.

राजाला आली शिंक शिंक,
प्रधान म्हणतो थांब थांब,
शिंकायचं तर अर्ज कर,
अर्ज लिही लांब लांब!

राजा नाक धरून या खिडकीतून त्या खिडकीत पळू लागला. आधी एक झाडूवाली फिसकली. मग वायरमन. खालच्या खिडकीने वरच्या खिडकीकडे पाठवलं तेव्हा हवालदाराने टोपी काढून डोळे पुसले. शिक्का बसेपर्यंत राजाची शिंक जिरली, आणि प्रधानाने त्याला दंड केला, परवानगी घेऊन न शिंकल्याबद्दल. तेव्हा निरीक्षकच इतका हसला की त्याच्या हातातून वही पडली. बाकावरचे गृहस्थ दचकून उठले, आणि चक्क थांबले. टाळ्यांनी चौकातली कबुतरं उडाली.

गाड्या गेल्या. पडद्यामागून घामेजलेलं तोंड बाहेर आलं.

"किती गं आले?"

पाचशे तिच्या जिभेवर तयारच होते. पण आज खरं बोलायची लाज वाटेना.

"सत्तावीस," ती म्हणाली. आणि एकदा तोंड उघडलं तशी बोलतच गेली. त्यातले तेवीस पालिकेचे. उरलेले चार नेहमीचे. नेहमी चारच असायचे हो, इतकी वर्षं मी खोटं बोलत आले.

राजाच्या डोक्यावरचा मुकुट त्याने अलगद काढला, उलगडला, गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट केला.

"चार जणांच्या टाळ्या मला ओळखू येत नाहीत होय गं?"

त्याने कागद तिच्यापुढे धरला. मुकुटाच्या आतल्या बाजूला पाचशे प्रेक्षकांसाठीची सगळी यादी होती. प्रत्येक माणसापुढे पेन्सिलीची बारीक खूण होती, आणि तळाशी त्याच्या टपोऱ्या हातची बेरीज : तेवीस, अधिक आपले चार.