उचगावचा चुलता

"परत म्हण," दिलदार म्हणाला.

कृष्णातच्या ओठांबाहेर इंग्रजीतलं पहिलं वाक्य कसंबसं आलं, दुसऱ्याला जीभ अडली आणि तो रंकाळ्याच्या कट्ट्यावर मटकन बसला.

"न्हाय जमत, दिलदार. जातो शाहूवाडीला, बाच्या हाताखाली भात करतो."

"गप की लेका. परत म्हण."

दोघं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. इंजिनांच्या एका कारखान्यात ट्रेनिंगसाठी चौऱ्याहत्तर साली विद्यार्थ्यांसाठी एकच जागा निघाली होती. मुलाखत इंग्रजीत. अर्ज दोघांचेही होते.

दिलदारचं इंग्रजी बरं, म्हणून कॉलेज सुटलं की कृष्णात त्याला इथं ओढून आणी. दिवसभर वर्कशॉपात उभं राहून दिलदारचे पाय भरून आलेले असत. शिकवून शिकवून घसा बसला होता. स्वतःच्या तयारीला अंगात त्राण उरत नसे. उद्यापासून नको म्हणावं, असं त्याला रोज वाटे; कृष्णातचं तोंड बघून रोज राहून जाई.

"स्वतःबद्दल सांगा," हा प्रश्न ठरलेलाच. दिलदारनं आपलंच उत्तर नमुन्यादाखल म्हणून दाखवलं. उचगावच्या चुलत्याचं गॅरेज, तिथं खोललेलं पहिलं इंजिन.

"याची नुसती चाल धर. मजकूर तुझा घाल."

"व्हय," कृष्णात म्हणाला.

मुलाखतीला कृष्णातला आधी बोलावलं. बाहेर आला तो घामानं निथळत.

"काय बोललो, देवाला ठावं," म्हणत तो बाकावर कोसळला.

दिलदार आत गेला. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. तो बोलू लागला. चुलत्याच्या गॅरेजापर्यंत आला, तोच साहेबांनी हात वर केला आणि ते मराठीवर आले.

"तुम्ही मुलाणी. मघाचा मुलगा पाटील. आणि दोघांचा चुलता एकच? तेच उचगाव, तेच गॅरेज, तेच पहिलं इंजिन. शब्दन् शब्द! कोण कुणाचं चोरतंय?"

चुलता कुणाचा, हे सांगायला दिलदारला एक वाक्य पुरे होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"शब्दन् शब्द, साहेब? कुठं अडला न्हाय?"