टिपर ४७१२

"ताई, थांबवा ते! फोटो पुसताय न्हवं?"

दारात एक बाई धापा टाकत उभी होती. हर्षाने आधी कंट्रोल आणि सी दाबलं, मग मान वर केली. पडद्यावरची काळी खिडकी थबकली. सव्वीस लाखांपैकी नऊ लाख फोटो तोवर गेले होते.

डिचोलीतल्या खाणीचा हा वजनकाटा. भरलेला टिपर काट्यावर उभा राहिला की समोरचा कॅमेरा फोटो काढायचा आणि गाडीचा नंबर, तारीख घालून एकाच फोल्डरात टाकायचा. खाण बंद पडून सात वर्षं झाली. आता ऑफिसही मोडीत निघालं होतं. पाच वाजता डिस्क कोरी करून द्यायची होती.

बाईचं नाव सिंधू. मूळची चंदगडची, भाड्याने लामगावात. पन्नाशीला टेकलेली, हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके.

"चार-सात-एक-दोन नंबरची गाडी. तिचे फोटो पायजेत. रजिस्टरला निवृत्ती गावडे नाव असंल. आमचे हे."

हर्षाला गाडी लगेच आठवली. खाण चालू होती तेव्हा हर्षा काट्याच्या खिडकीत बसून पावत्या द्यायची. बाकीचे ड्रायव्हर हॉर्न बडवायचे, उशीर झाला की तिच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचे. चार-सात-एक-दोनमधून मात्र नुसता एक हात खाली यायचा, पावती घ्यायचा, दोन बोटं उंचावायचा. तोंडातून शब्द नाही.

"भला माणूस," हर्षा म्हणाली. "कधी आवाज चढवला नाही."

सिंधू खाली बघून हसली.

"घरात फोटो नाही त्यांचा?"

"गाडीतला न्हाई. समोरनं काढलेला पायजे, तोंड नीट दिसंल असा. उद्याच द्यायचाय."

वर्षश्राद्ध असणार, हर्षाने ओळखलं. पुढे विचारलं नाही. तिचे बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो नव्हता. मतदान कार्डावरचा मोठा करून आणला, तर नाकाचा लाडू झालेला. अजून त्यालाच हार घालतात.

"बसा हांगा," तिने खुर्ची सरकवली.

फोन वाजला. साहेब, दत्तप्रसाद.

"हर्षा, जालें मगो?"

"जाता, सर."

"इतको वेळ कित्याक? माउसान सगळे सिलेक्ट कर आनी डिलीट मार."

"माउसान उघडूंक गेल्यार फाल्यां सकाळमेरेन चाक फिरत रावतलें, सर."

उद्या सकाळपर्यंत चाक फिरत राहील, हे खरंच होतं. माउसने फोल्डर उघडलं की यंत्र सतरा लाख नावं आधी गोळा करणार, क्रमाने लावणार, मग दाखवणार. सगळे एकदम पूस म्हटलं तर यादी फार लांब आहे म्हणून उलट उत्तर देणार. काळ्या खिडकीतल्या 'फाइंड'चं तसं नाही. तो एकेक नाव हातात घेतो, हवं ते करतो, पुढे सरकतो. हर्षाने सकाळी त्यालाच पुसायला लावलं होतं. फक्त कुठल्या क्रमाने पुसतो ते त्याचं त्याला ठाऊक. चार-सात-एक-दोन गेला की राहिला, हे सांगता येत नव्हतं.

तिने नंबर घालून ओळ टाईप केली. या खेपेला पुसायला नाही, मोजायला.

"ह्ये सगळं कुठं शिकलासा?" सिंधूने विचारलं.

"मोबाइलवर बघून बघून. शिकवणार कोण? तीनदा चुकीचं पुसलं, चौथ्यांदा जमलं."

"हां. हाताला कळाय लागतं मग," सिंधू म्हणाली आणि खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. आल्यापासून तिसऱ्यांदा.

कर्सर लुकलुकत राहिला. मग आकडा आला. एक हजार एकशे त्रेचाळीस.

"आहेत!" हर्षा ओरडलीच.

पहिला फोटो उघडला. काचेमागे टोपी, तोंडावर फडकं, वर दोन डोळे. दुसरा तसाच. तिसरा तसाच.

"धूळ," हर्षा पुटपुटली. "सगळे बांधायचे. आता तोंड कसं दिसायचं?"

घड्याळात साडेचार झाले होते.

"शेवटचा दिवस बघा," सिंधू म्हणाली. "खाण बंद झाली त्या दिवशीचा. फडकं बांधलं न्हवतं."

"तुम्हाला कसं म्हायत?"

"म्हायत हाय."

सांगितलं असेल नवऱ्याने, हर्षाच्या मनात आलं. अशा बारीकसारीक गोष्टीच मागे राहतात. तिने नंबराला तारीख जोडली. त्या दिवशीच्या चार खेपांतले दोन फोटो वाचले होते. पहिल्यात काचेवर ऊन चमकलेलं, आत काही दिसेना.

"एकच राहिला," ती म्हणाली.

सिंधू खुर्चीतून उठून तिच्या पाठीशी आली.

"काही असलं तरी मी साफ करून देईन हो, फ्रेमला," हर्षाने तिचा हात धरला. हात खरखरीत होता, तळव्याला घट्टे.

जुनं यंत्र, फोटो वरून खाली उलगडत गेला. खाकी टोपी. उन्हाने बारीक केलेले डोळे. उघडी हनुवटी, तिच्यावर तीन हिरवे ठिपके.

"लायसन माझंच हुतं, ताई," सिंधू म्हणाली. "ठेकेदार बाईला गाडी देईना, म्हणून नाव ह्यांचं लावलं. आता मोपाच्या विमानतळाला बसवर घ्यायला अनुभवाचा पुरावा मागत्यात. सगळेच द्या फोटो. आणि जरा बिगीनं करा. ह्यांना खाली हाटेलात बसवून आलीया, तिसरी भाजी-पाव मागवली आसंल."