टाइल आजही वर होती

टाइल आजही वर आली होती.

माधवरावांनी गुडघ्यांवर बसून भिंतीत शेकायला बांधलेल्या अंगीठीच्या टाइलांवरून तळहात फिरवला. खालच्या रांगेत तिसऱ्या टाइलवर हात अडखळला. सलग चौथा दिवस. काल संध्याकाळी फूलबागेत फिरायला निघताना त्यांनी स्वतः पट्टी लावून पाहिली होती. तेव्हा ती सरळ होती.

"मिस्त्री, सिमेंट में रेत कितनी मिलाई?"

"जितनी लगती है, साहब." पन्नालाल मिस्त्रीने मान वर केली नाही. माधवरावांनी ते बरोबर टिपलं. ज्याच्या मनात काही नाही, तो डोळे कशाला चुकवील?

सचिवालय ग्वाल्हेर सोडून भोपाळला चाललं होतं. नव्या राज्यात चार ठिकाणची माणसं ज्येष्ठतेच्या एकाच यादीत बसायची होती. पंधरा तारखेच्या आत जो भोपाळला हजर नाही, तो खाली घसरला, असं कचेरीत जो तो म्हणत होता. सव्वीस वर्षं माधवरावांनी हेडक्लार्कच्या खुर्चीची वाट पाहिली होती. पण सरकारी घर नीट ताब्यात दिल्याचा दाखला हवा, आणि तपासनीस त्या एका टाइलवर बोट ठेवून दोनदा परत गेला होता.

शेजारच्या टेबलावरचे, त्याच खुर्चीवर डोळा असलेले मुकुंदराव मात्र बिऱ्हाड बांधून मोकळे झाले होते. आणि या मिस्त्रीचं नाव सुचवलं कोणी? मुकुंदरावांनीच! पाणी कुठं मुरतंय, हे माधवरावांना आता स्वच्छ दिसायला लागलं.

घरात हे बोलायची सोय नव्हती. अनसूयाबाई महिन्याभरात मोजकंच बोलत. त्यांनी एकदाच विषय काढला होता. लेक शरयू गावातच किला गेटला दिलेली, पहिलटकरीण. आठव्यात पोरीला उंबऱ्याबाहेर काढायची नाही, असा सासरचा नेम. वीस तारखेला नववा लागतो, टांग्यानं घेऊन येऊ, तोवर इथंच राहू या.

"भोपाळला काय दवाखाने नाहीत?" माधवराव म्हणाले होते.

"दवाखाने असतील हो. पण भरल्या दिवसांची पोर आगगाडीनं पाठवील कोण? पहिलं बाळंतपण माहेराविना व्हायचं म्हणा की तिचं." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. विषय तिथंच मिटला, असं माधवरावांनी धरलं.

आज त्यांनी चोर पकडायचाच ठरवलं. छत्री घेऊन, वहाणा वाजवत ते फाटकापर्यंत गेले आणि अनवाणी परत आले. दाराआडून पाहिलं. मिस्त्रीने टाइल उपसली, उलटी केली, स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि ओल्या फडक्यानं तिची कड घाईघाईनं पुसायला घेतली.

"रुक जा! क्या मिटा रहा है?"

मिस्त्री दचकला. "कुछ नहीं साहब, मिट्टी है."

"इधर ला."

टाइलच्या आत दडणाऱ्या कडेवर तीन पिवळी बोटं उमटली होती. माधवरावांनी टाइल नाकाशी नेली. हळद. आत फोडणी चुरचुरली आणि बांगड्या वाजल्या.

"रोज?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज, साहब. आप घूमने जाते हैं, तब." मिस्त्रीने हात जोडले. "माईजी ने कहा था, साहब से मत कहना, बिटिया आनेवाली है. मेरी भी बेटी है. आपकी गाली खा ली."

माधवराव त्या बोटांकडे बघत राहिले. त्यांना खुर्ची आठवली. मुकुंदराव त्या खुर्चीत बसलेलेही दिसले. मग त्यांना लाज वाटली, मिस्त्रीपुढं आणि त्याहून जास्त आतल्या बाईपुढं. सव्वीस वर्षं सरकारी कागद वाचण्यात गेली होती आणि घरातलं एक वाक्य वाचायचं राहून गेलं होतं.

त्यांनी मिस्त्रीच्या हातातलं फडकं घेतलं. हळदीची बोटं स्वतः पुसली. मग आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते ओरडले,

"मिस्त्री, आज भी टेढ़ी है! बीस तारीख तक तो ये तुझसे सीधी होनेवाली नहीं!"