कोपऱ्यापुरता आक्षेप

"नाव सांगा. एवढंच विचारतेय मी. नाव!"

बाईंचा आवाज सभागृहाच्या छताला जाऊन धडकला. विरोधी बाकांवर धडाधड हात आपटले गेले. आरोग्यमंत्र्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्या वेळात तरी बाई खाली बसतील अशी त्यांना आशा असावी. बाई कसल्या बसतायत!

"सन्माननीय सदस्यांनी नियोजनाचा कायदा वाचला असेलच," मंत्री म्हणाले. "मोकळ्या जागेवरच्या बांधकामाला, मग ते तुमच्या गावचं हॉस्पिटल का असेना, एका जरी रहिवाशाने आक्षेप घेतला, तर सुनावणी होईपर्यंत तिथे कुदळसुद्धा मारता येत नाही. आणि तोवर त्याचं नाव गुप्त ठेवावं लागतं. कुणी त्याला दमात घेऊ नये म्हणून."

"कुणी म्हणजे मी?"

"मी कुठे काय म्हणालो?" मंत्री म्हणाले, आणि अख्खं सभागृह खो खो हसलं. बाईंच्या पक्षाचे लोकसुद्धा.

बाईंना पाठीमागे सगळे 'करवत' म्हणत. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा असोत की बंद पडलेल्या रुग्णवाहिका, त्यांनी एकेक विषय धरून सरकारला चिरत आणलं होतं. पण त्या दिवशी खाली बसताना त्यांनी हातातला कागद पार चुरगळून टाकला. शेजारच्या सदस्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्याला कारण ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं.

बाईंच्या गावात हॉस्पिटल नव्हतं. त्यांची लेक शहराच्या वाटेवर, गाडीच्या मागच्या सीटवर, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गेली होती. दुसरीत होती. गाडी तिचे बाबा चालवत होते. त्यानंतर बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या एकाच गोष्टीसाठी. गावात हॉस्पिटल. बस्स.

बाहेर तीच गाडी उभी होती आणि गाडीत तेच बाबा. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. लेक होती तोवर त्यांच्या बोटांना कायम कुठला ना कुठला रंग असायचा. हल्ली काळं तेल असायचं.

"पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं होतंत वाटतं?" बाईंनी पर्समधला रुमाल काढून दिला.

"जरा करकरत होतं."

"विकून टाका हो आता ही गाडी."

"राहू दे गं." त्यांनी बोटं पुसली आणि गाडी सुरू केली.

पुढच्या आठवड्यात बाई नियोजन अधिकाऱ्यांना घेऊन जागेवर गेल्या. ही जागा त्यांनीच सुचवली होती, नकाशावर बोट ठेवून. प्रत्यक्षात मात्र लेक गेल्यापासून त्या इकडे फिरकल्या नव्हत्या. एके काळी इथे मुलांची बाग होती. आता फाटक ढकललं तर ते असं किंचाळलं की अधिकारी दचकलेच. घसरगुंडीला गंजाने भोकं पाडली होती. सी-सॉ तोंडावर पडला होता.

आणि कोपऱ्यात झोपाळा.

याच फळीवर उभी राहून लेक ओरडायची, "आणखी जोरात, बाबा! आणखी!" बाईंनी फळीला नुसतं बोट लावलं. झोपाळा पुढे गेला, मागे आला. जराही न करकरता.

"आक्षेप एवढ्याच कोपऱ्यापुरता आहे," अधिकारी म्हणाले. "बाकी जागेबद्दल त्या व्यक्तीची काहीच तक्रार नाही."

"कोपरा रस्त्याला लागून आहे ना! दुकानं काढायला बरा." बाईंनी चटकन पाठ फिरवली. "लहान मुलांचा विभाग इथेच येणार. बरोब्बर इथेच."

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सांगितलं. नवरा चहा गाळत होता.

"तेवढा कोपरा सोडून नाही का बांधता येणार?" त्याने विचारलं.

"तुम्ही पण मंत्र्यांसारखं बोलायला लागा आता! नकाशा बदलायचा म्हणजे पुन्हा मंजुरी, पुन्हा वर्ष वाया. तोवर आणखी कुणाची तरी लेक..." त्यांनी पर्स ओट्यावर आपटली. "झोपाळ्यावर बसून कुणी बरं होत नाही हो."

"नाही होत," तो म्हणाला. चहा कपाबाहेर सांडला तो त्याने बोटानेच पुसला.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. खचाखच गर्दी! नवरा एरवी गाडीतच बसून राहायचा, पण आज आत आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईंना बरं वाटलं. "पुढे या ना माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "मागेच बरा आहे मी," तो म्हणाला.

पहिल्या रांगेत गावातला बडा बिल्डर पाय पसरून बसला होता. बाईंनी त्याच्यावर अशी नजर रोखली की त्याने पाय आत घेतले.

"बाई, माझ्याकडे काय बघताय? मी तर हॉस्पिटलसमोर औषधांचं दुकान काढायला टपलोय! माझ्याइतकी घाई तुम्हालाही नसेल."

लोक हसले. बाई क्षणभर गोंधळल्या. हा नाही, तर मग कोण?

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि त्या बोलायला उभ्या राहिल्या. लेकीबद्दल त्या कधीच जाहीरपणे बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या. वाटेतला अंधार, मागची सीट, "आई, आलं का गं?" असं तिचं पुन्हा पुन्हा विचारणं. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. बिल्डरनेसुद्धा मान खाली घातली.

"ज्याने कुणी हे हॉस्पिटल अडवलंय," शेवटी बाई म्हणाल्या, "त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगावं, की त्याला तो झोपाळा माझ्या लेकीपेक्षा मोठा वाटतो."

अधिकाऱ्यांनी समोरचा कागद सरळ केला. त्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"आक्षेप घेणारी व्यक्ती हजर असेल," ते हळूच म्हणाले, "तर कृपया हात वर करावा."

सगळ्या माना मागे वळल्या. बाईंचीही.

शेवटच्या रांगेत एक हात सावकाश वर गेला. बोटांना काळं तेल लागलेलं होतं.