डाव्या बाजूचं पोरगं

अलाबामा राज्यातल्या एका गावच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आणि फेकायच्या खेळाचा, संघ हरतच चालला होता. गुरुवारी संघाचे कोच रेडिओवर चाहत्यांचे फोन घ्यायला बसले, तेव्हा ट्रक चालवणाऱ्या ऑर्विल टॅकेटने फोन लावला.

"कोच, दर वेळी चेंडू घेऊन मधल्या गर्दीतच काय घुसवताय पोरांना? अख्ख्या अलाबामाला पाठ झालंय ते. लांब फेका की!"

"फेकायला वेळ तर मिळाला पाहिजे! आमचं डाव्या बाजूचं पोरगं समोरच्याला अडवतच नाही."

"अडवेल."

"तुम्ही कोण सांगणार?"

"बाप त्याचा. समोरच जेवतोय, ऐकतोय सगळं. तुम्ही बिनधास्त फेका."

शनिवारी पहिलाच चेंडू उंच, लांब गेला. सगळं स्टेडियम वर बघत उभं राहिलं. ऑर्विल तेवढा खाली, डाव्या बाजूला बघत होता. तिथून कुणीही आत शिरलं नव्हतं.