सलामीची माती

अठ्ठावन्न साली पौडच्या जत्रेत शेवटची कुस्ती माझी लागली, तीही माझ्या दीडपट अंगाच्या पैलवानाशी. वस्तादांनी शिकवलं होतं, भीती वाटली की मातीकडं बघायचं आणि श्वास मोजायचे. मी मोजत होतो, तरी गुडघे कापतच होते. सलामीला आम्ही एकमेकांच्या हातात माती दिली आणि मला चटका बसला. गडी तापानं फणफणला होता. माझे गुडघे कापायचे थांबले. पंचांना सांगता आलं असतं. मी पट काढून त्याला चीत केलं. उठल्यावर त्यानं स्वतःचा फेटा माझ्या डोक्याला बांधला. त्याची बोटं अजून कढतच होती. "गड्या, माझ्यापुढं इतक्या थंड डोक्यानं कुणी उभं ऱ्हायलं न्हाई," तो म्हणाला. ताप कधीपासून आहे, एवढंही मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला आधीच ठाऊक होतं, हे त्याला कळलं असतं.